काडेपेटीएवढा चेहरा

१८ ऑगस्ट, सोमवार

हितेंद्र म्हणाला, "चित्र सुंदर आहे. म्हणूनच कुणी दाबत नाही."

आमच्या गेमच्या त्या चित्रावर मी पंधरवडा घालवला होता. सातपुड्याची रांग, ढगाआडचा चंद्र, दरी, दरीतून उतरणारी बाई, कडेवर पोर. त्याने ते फोनवर दाखवलं, स्टोअरच्या पानावर, बाकीच्या शेकडो गेमांच्या रांगेत. काडेपेटीएवढं. माझा सातपुडा म्हणजे शेवाळलेली फरशी. बाई म्हणजे माशी. "ही माशी कडेवर काय घेऊन चाललीये?" असं विचारून तो स्वतःच हसला.

धुळ्याहून परतताना पारोळ्यापर्यंत त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. एरंडोलला लक्षात आलं की तो बरोबर आहे. मग जास्तच राग आला.

लोकांना आधी हे बारकं चित्र दिसतं. आवडलं तर दाबतात. मग पान उघडतं – तिथे गोष्ट, व्हिडिओ, सगळं. चित्रच दाबलं नाही तर आमची एवढ्या वर्षांची मेहनत कुणासाठीच नाही. ऑक्टोबरात स्टोअरवर नव्या गेमांचा आठवडा आहे. नमुना फुकट खेळायला ठेवायचा. त्यात नजरेत भरलो तर भरलो. नाहीतर मी परत लग्नपत्रिका करायच्या, आणि हितेंद्रने देवपूरच्या क्लासमध्ये पोरांना कोडिंग शिकवत म्हातारं व्हायचं. तो नाहीतरी म्हाताराच दिसतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चंद्र काढला. डोंगर काढले. दरी काढली. छोटं छापून फ्रिजवर चिकटवलं आणि दारातून बघितलं.

आई म्हणाली, "हे काय, बुरशी?"

२४ ऑगस्ट, रविवार

गोपाल आला होता मेहरूणला, आमच्या जळगावच्या घरी. पाइपच्या कंपनीत शिफ्ट करून थेट आला, डोळे लाल. आमच्या तिघांतला तो तिसरा. हितेंद्र कोड लिहितो, मी चित्रं काढते, गोष्ट गोपालची. म्हणजे त्याच्या आजीची, बुधीबाईची. ती तरुणपणी विधवा झाली. पाड्यावर लागोपाठ दोन पोरं गेली आणि भगताने तिचं नाव घेतलं. डाकीण. लोक काठ्या घेऊन आले. ती पोर कडेवर घेऊन दरीतून खाली उतरली आणि दुसऱ्या पाड्यावर जाऊन राहिली. ते पोर म्हणजे गोपालचे वडील, नथ्थूभाऊ. गेम म्हणजे ती एक रात्र. खेळणारा ती बाई असतो.

गेमचं नाव 'डाकीण'. नाव गोपालनेच सुचवलं. "तो शब्द त्यांच्या तोंडातून काढून घ्यायचा," असं म्हणाला होता. तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं.

आई त्याला स्टीलच्या पेल्यात चहा देते, आम्हाला कपात. मी कधी बोलले नाही. तोही नाही.

मी म्हटलं, "आजींचा चेहरा बघायचाय. चेहऱ्याशिवाय हे चित्र उभं राहणार नाही."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "रविवारी चल."

३१ ऑगस्ट, रविवार

अडावदच्या वर, रस्ता संपतो तिथून पुढे गोपालच्या मोटरसायकलवर. कंबर मोडली.

बुधीबाई अंगणात धान्य पाखडत होती. हनुवटीवर गोंदलेले ठिपके, कपाळावर चंद्रकोर, आणि डोळे असे की समोरच्याने आपला चेहरा पुसून घ्यावा. मी वही काढली आणि सुरूच झाले. किती पानं भरली कोण जाणे. नथ्थूभाऊ खांबाला टेकून उभे होते. गोपालची बहीण चहा देऊन गेली. हेमलता. अंगणवाडीत मदतनीस आहे म्हणे, दिवाळीनंतर लग्न. मी मान वर केली नाही, म्हातारीचा डावा डोळा सुटत नव्हता.

बुधीबाईने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काढ. मी काय लपेल नही शे. पन त्या शबदना जोडे माले बसाडू नको."

गोपालने सांगितलं, "त्या शब्दाशेजारी मला बसवू नकोस, म्हणते."

"नाही बसवणार, आजी," मी म्हटलं.

थंबनेलवर, म्हणजे त्या बारक्या चित्रावर, दोनच गोष्टी मावतात. चेहरा आणि गेमचं नाव. हे मला तेव्हाही माहीत होतं. गोपालला पण माहीत होतं. तो कौलांकडे बघत होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आजवर काढलेल्यांतलं सगळ्यात चांगलं चित्र. म्हातारीच्या सुरकुत्यांत जणू पायवाटा आहेत.

हितेंद्र म्हणाला, नावासकट टाकून बघू, थोडे दिवस. नुसतं बघायला. मी टाकलं. बघायला टाकलंय, बसवलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आधीपेक्षाही कमी लोकांनी दाबलं. माशी परवडली.

हितेंद्र: "आजीला भेटायला लोक गावाला जातात. गेम घ्यायला नाही."

चित्र उतरवलं. एका परीने बरं झालं, शब्द आपोआप पाळला गेला. फोन ठेवल्यावर रडले मात्र. म्हातारीसाठी नाही. चित्रासाठी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तिला तरुण करायला घेतलं. सुरकुत्या पुसायला अख्खी दुपार लागली. एकेक पायवाट बुजवत गेले. गाल भरले. भुवया वर नेल्या. उजेड खालून टाकला – चुलीसमोर बसल्यावर पडतो तसा. मागे हळदीचा पिवळा, बाकी सगळा काळा. गोंदण ठेवलं, लहान आकारातही ते ठिपके नजर धरतात.

कडेवरचं पोर काढून टाकलं. काडेपेटीत दोघं मावत नाहीत.

खाली जाड अक्षरात नाव. शिरोरेघ तिच्या हनुवटीला घासून जाते, त्यामुळे शब्दातूनच चेहरा उगवल्यासारखा वाटतो. हे मला सुचलं, हितेंद्रला नाही. इथे लिहून ठेवते, कारण तो उद्या स्वतःचं म्हणून सांगेल.

आता ही बुधीबाई नाही. कुणीच नाही. नवीनच बाई आहे.

फ्रिजवर लावून दारातून बघितलं. आई पोळ्या लाटताना थांबली. म्हणाली, "ही पळतेय का कुणाच्या अंगावर धावून येतेय?"

हितेंद्रला हे सांगितलं. तो म्हणाला, "तेच पाहिजे."

१६ सप्टेंबर, मंगळवार

लोक दाबतायत! आकडा चढतोय, बघत बसावंसं वाटतं. नव्या चित्राने चार दिवसांत ते केलं जे आमच्या व्हिडिओने वर्षभरात केलं नाही. हितेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा मला "मॅडम" म्हटलं, टोमणा न मारता.

मेघावहिनी बाळाला घेऊन खोलीत आली, स्क्रीनकडे बघितलं आणि बाळाचं तोंड पदराने झाकून बाहेर गेली. तिला मी फार हसले.

गोपालला दाखवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, दाखवलं नाही. तो रात्रपाळीला आहे आणि त्याच्या फोनमध्ये स्टोअर नीट उघडत नाही. आणि त्याला चित्रातलं काही कळत नाही. तो काय बोलेल ते मला माहीत आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

नव्या गेमांचा आठवडा आजपासून. पहिल्याच दिवशी एका मोठ्या युट्यूबरने आमचा नमुना खेळला. त्याच्या व्हिडिओवर माझंच चित्र, त्याचा आ वासलेला चेहरा बाजूला. खेळताना दरीत पोर कडेवर आहे हे कळल्यावर त्याने डोळे पुसले. शेवटी म्हणाला, ही डाकीण नाही, ही आई आहे.

बघणारे लाखांनी. शेवटपर्यंत बघणारे किती, ते विचारायला नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

गोपालचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. त्या युट्यूबरचा व्हिडिओ पाड्यावरच्या फोनांत पोचला होता.

"तू हेमलताला का काढलंस?"

मला आधी कळेचना. म्हटलं, "कोण हेमलता?"

"माझी बहीण. तिने तुला चहा दिला होता."

मी म्हटलं, मी तिला बघितलंसुद्धा नाही. ती बुधीबाई आहे, फक्त सुरकुत्या काढलेली. तो म्हणाला, "आजीच्या सुरकुत्या काढल्या की हेमलता राहते. पाड्यावरचं कुणीही सांगेल. तुला एकदा मला दाखवता आलं नाही?"

मी म्हटलं, तिच्या हनुवटीवर गोंदण नाही ना, मग? म्हणजे मी तिला बघितलं होतं की काय? नाही. आजकालच्या पोरी गोंदत नाहीत, म्हणून म्हटलं.

"ते गोंदण आजीचं आहे," तो म्हणाला. "चेहरा हिचा, गोंदण आजीचं. लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? म्हातारी नातीत शिरली."

मग म्हणाला, "आजच्या आज काढ."

९ ऑक्टोबर, गुरुवार

हितेंद्र म्हणाला, सोमवारपर्यंत थांब. आठवडा संपू दे. मधेच चित्र बदललं तर सगळं चढलेलं खाली येईल. "पाड्यावर कितीजण गेम खेळतात? शून्य. तो भावनेच्या भरात बोलतोय. तू आर्टिस्ट आहेस, जरा कडक हो."

मी म्हटलं, चालेल. गोपालला सांगितलं की बदल व्हायला स्टोअरवाले काही दिवस घेतात. तो ठीक आहे म्हणाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. चित्र बदलायला मला चहा पिण्याएवढा वेळ लागतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आठवडा संपला. जेवढं वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट लोकांनी गेम आपल्या यादीत टाकून ठेवला. पेढे आणले. मग चित्र बदललं – पाठमोरी बाई, कडेवर पोर.

संध्याकाळी गोपालने एक चित्र पाठवलं. कुणीतरी युट्यूबच्या व्हिडिओतून माझं चित्र कापलंय. फक्त चेहरा आणि शब्द. खाली लाल अक्षरात: 'सातपुड्यात फिरणारी, सावध राहा, आपल्या लेकरांना सांभाळा, पुढे पाठवा.' चोपडा, यावल, शिरपूर, सगळीकडच्या ग्रुपवर फिरतंय. कालच वहिनीच्या भिशीच्या ग्रुपवरही आलं होतं म्हणे.

गेम, दरी, बाई आई आहे हे सगळं कापलेल्या कडांच्या बाहेर राहिलं. त्यांना तरी काय बोलू. आधी मीच कापलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरात दिवाळीचा फराळ. गोपाल अंगणात उभा राहूनच बोलला, आत आला नाही. तो सांगत होता आणि मी हातातली करंजी खाली कुठे ठेवावी याचा विचार करत होते.

रोहिदास म्हणून मुलगा आहे, ज्याच्याशी हेमलताचं ठरलं होतं. त्याच्या घरचे येऊन ठरवताना मिळालेली मानाची साडी परत देऊन गेले. रोहिदास बारावी शिकलेला, ट्रॅक्टर चालवतो. तो गोपालला म्हणाला, "मी मानत नाही रे. पण आई जेवत नाही."

अंगणवाडीत हेमलताने वाढलेली खिचडी पोरं खात नाहीत. पोरं खातील, आया खाऊ देत नाहीत. डबे परत जातात. एका घरी तान्ह्याला जुलाब लागले. तिथली बाई हेमलताच्या दारासमोर येऊन नुसती उभी राहिली. उभी राहिली आणि गेली.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"कोण?"

"हेमलता."

"आज विचारतेस," तो म्हणाला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गोपालने चोपड्याच्या धनसिंग भाऊंना गाठलं. निवृत्त मास्तर आहेत, भगत-बुवांच्या विरोधात गावोगाव सभा घेतात. पोलिसांत अर्ज दिलाय, पण भाऊ म्हणाले, कागदाने तोंडं बंद होतात, मनं नाही. सभा घेऊ. चित्र जिने काढलं तिनेच येऊन सांगावं, कसं काढलं ते. उघड्यावर केलेली गोष्ट जादू राहत नाही.

हितेंद्र येणार नाही. त्याचा क्लास आहे.

मी सगळं छापून घेतेय. बुधीबाईचं पहिलं चित्र, सुरकुत्या पुसलेलं, उजेड टाकलेलं, एकामागून एक. हे मी चांगलं समजावू शकते. कॉलेजात एकदा समजावलं होतं, पोरं भारावून गेली होती.

२ नोव्हेंबर, रविवार

सगळं आठवेल तसं लिहिते.

शाळेसमोर सतरंजी. पुढे पुरुष, मागे बाया. बुधीबाई आणि हेमलता एका कडेला, मधे रिकामी जागा सोडून. रिकाम्या जागेत कुणी बसत नव्हतं. उशिरा आलेलेही उन्हात उभे राहिले.

धनसिंग भाऊ चांगलं बोलले. कायदा सांगितला, जुलाब कशाने होतात ते सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग मला उभं केलं.

मी चित्रं लावली. हा आजींचा चेहरा. इथे मी सुरकुत्या काढल्या. इथे खालून उजेड टाकला, म्हणून डोळे असे दिसतात. खालून उजेड टाकला तर तुमचा-माझा कुणाचाही चेहरा भयंकर दिसेल. मोबाइलच्या टॉर्चने स्वतःच्या तोंडावर करून दाखवलं. पोरं हसली. दोन-तीन बायाही हसल्या. मला वाटलं, जमलं. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती.

मग मी म्हटलं, "हेमलताचा याच्याशी काहीच संबंध नाही. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिचा चेहरा मला माहीतच नव्हता. मी माझ्या मनाने काढलं."

पुढच्या रांगेतले एक आबा उठले. पांढरा सदरा, हातात काठी, आवाज अगदी शांत. भांडायला उठलेला माणूस नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"बाई, तुम्ही तिले देखेलबी नही?"

"नाही."

"वळखतबी नव्हत्या?"

"नाही, आबा."

"मंग ती तुमना हातमा कशी उनी?"

मग ती माझ्या हातात कशी आली? मी तोंड उघडलं. नातीचा चेहरा आजीवर जातो, हे उत्तर आहे. साधं आहे. मी ते दिलंही. पण ते उत्तर येईपर्यंत जो क्षण गेला, त्यात सगळ्यांनी मला गप्प झालेलं बघितलं. आबा खाली बसले. मागे एका बाईने मांडीवरचं पोर उचलून हेमलतापासून लांबच्या बाजूला घेतलं, मग तिच्या शेजारणीने आपलं घेतलं. हसणाऱ्या बायांनीसुद्धा.

आजवर फक्त एक चित्र होतं. आता साक्षीदार पण मिळाला. जळगावहून आलेली, शिकलेली, चित्र जिने काढलं तीच.

हेमलता जमिनीकडे बघत होती. बुधीबाई माझ्याकडे. तिने मला एकच विचारलं, निघताना, आणि मराठीत, मला कळावं म्हणून. "तू बोलली होती ना, नाही बसवणार?"



५ नोव्हेंबर, बुधवार

त्यांच्या कौलांवर दगड पडले. दिवसाढवळ्या. कोणी मारले ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बघितलं नाही. पोलिस येऊन गेले.

बुधीबाई हलायला तयार नाही. म्हणाली, मी एकदा उतरले, आता उतरणार नाही. नथ्थूभाऊ तिच्याजवळ थांबलेत. हेमलताला मात्र काही दिवस बाहेर ठेवायचंय. गोपाल नशिराबादला कंपनीतल्या पोरांबरोबर एका खोलीत राहतो, तिथे बहिणीला कसं ठेवणार. धनसिंग भाऊ बघतायत कुठेतरी, पण वेळ लागेल.

"तुझ्याकडे ठेवशील?" त्याने विचारलं. विनवणी नव्हती. नुसतं विचारलं.

घरी मी सांगितलं, गोपालच्या बहिणीची परीक्षा आहे. आईने भिंतीकडे बघत विचारलं, "तीच ना?"

८ नोव्हेंबर, शनिवार

हेमलता आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. एवढी सारखी नाहीच. नाक वेगळं आहे. हसताना एक गाल आधी हलतो. मी काढली असती तर हे सोडलं नसतं.

फार काम करते. सांगितलं नाही तरी भांडी घासते, अंगण झाडते. आईने भांडी पुन्हा विसळून घेतली. वहिनी बाळाला घेऊन दिवसभर आतल्या खोलीत, ह्या उकाड्यात दार लावून. मी आईवर चिडले. म्हटलं, "शिकलेल्या ना तुम्ही सगळ्या? लाज वाटत नाही?" आई म्हणाली, "आम्ही काय केलं? काही बोललो का तिला?"

दुपारी हेमलता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी चहा द्यायला आले तेव्हा तुम्ही खरंच वर बघितलं नव्हतं?"

"खरंच नाही."



"मग मी कशी आले?"

मी तिला सगळं समजावलं. आजी, नात, भुवया, हाडं. ती ऐकत होती. मान हलवत होती, सभेतल्या लोकांसारखीच.

९ नोव्हेंबर, रविवार

हितेंद्रचा फोन. बंगळूरूची एक कंपनी आमचा गेम बाजारात आणायला तयार आहे. एकच म्हणणं आहे त्यांचं, ते चेहऱ्याचं चित्र परत लावा. पाठमोरी बाई कुणी दाबत नाही.

मी पाड्यावरचं सगळं सांगितलं. त्याने विचारलं, ती आता कुठे आहे. मला वाटलं, हलला. मग म्हणाला, "हे आपल्याला सांगता येईल. चित्र एवढं खरं की गावाने खरं मानलं. याहून मोठी जाहिरात नाही, ज्योत्स्ना."

मी फोन कापला. बाहेर हेमलता आईसाठी भरताची वांगी भाजत होती. आईने तिला तेवढं करू दिलं होतं, कारण वांगी नंतर सोलायची असतात.

कॉम्प्युटर उघडला. ती फाइल पुसून टाकायची म्हणून शोधली. उघडली. डाव्या डोळ्यातला उजेड जरा जास्त झालाय, तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

कमी केला. सेव्ह केलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वहिनी अंघोळीला गेली होती. बाळ पाळण्यात रडत होतं. घरात मी होते आणि हेमलता होती. रडणं एकदम थांबलं. मी हातातलं टाकून धावत बाहेर आले. तिने त्याला खांद्यावर घेतलं होतं, तो तिच्या कानाशी खेळत होता.

मी हात पुढे करायच्या आधीच तिने त्याला माझ्याकडे दिलं.

मी घेतलं.